मुका बोर्ड

मंगळवारी सकाळी एरिक मिरांडाचा कॉम्प्युटर एका शब्दाच्या मध्येच बोलायचा थांबला. आधी चट् असा आवाज आला, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास. एरिकने हात लांब करून बटण बंद केलं आणि वायर भिंतीतून उपटून काढली. त्यानंतर तो बराच वेळ खुर्चीतच बसून राहिला, कारण पुढे काय करायचं हे विचारायला आता ब्रायन नव्हता.

एरिकला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. विशीत नजर आखडत गेली आणि तिशीच्या आत संपली. त्यानंतर बारा वर्षं त्याने वेताच्या खुर्च्या विणल्या. ब्रायन त्याचा माझगावातला लहानपणचा दोस्त. गोदीत इलेक्ट्रिशियन होता आणि कॉम्प्युटरचं त्याला वेड होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याने जुने सुटे भाग जमवून एरिकला एक मशीन बांधून दिलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं आणि स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारा प्रोग्राम बसवला. चालू केल्यापासून बंद करेपर्यंत मशीन बोलत राहायचं. एरिक दाबेल ते प्रत्येक अक्षर, उघडेल ती प्रत्येक फाइल. स्क्रीन नव्हतीच. एरिकला स्क्रीन कशाला हवी होती? सहा महिन्यांत तो टायपिंग शिकला आणि वर्षभरात रेकॉर्डिंग ऐकून मजकूर उतरवायची कामं घ्यायला लागला. काही अडलं की ब्रायन यायचा, तासभर खटपट करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. आठ महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला.

या वेळचं काम वेगळं होतं. रे रोडच्या पलीकडे धक्क्याजवळ मासळी सुकवणाऱ्या चौदा कोळणींची जागा जाणार होती. सुनावणी लागली होती. एका संस्थेची रुपाली नावाची मुलगी त्या बायकांकडे बसून त्यांचं म्हणणं रेकॉर्ड करून घेत होती आणि वकिलाला ते टाइप करून हवं होतं. त्या बायकांची जुनी बोली भल्याभल्यांना उतरवता येत नव्हती. एरिक तीच बोली ऐकत वाढला होता. नऊ जबान्या त्याने करून पाठवल्या होत्या. पाच बाकी होत्या आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायच्या होत्या.

बुधवारी लालबागच्या गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हितेंद्र येऊन मशीन घेऊन गेला आणि गुरुवारी दुपारी नवा मदरबोर्ड बसवून परत घेऊन आला. जुना बोर्ड मेला होता, डिस्क शाबूत होती. हितेंद्र समजूतदार माणूस. त्याने सांगितलं की आता आवाज, नेट, डिस्प्ले सगळं बोर्डावरच असतं, वेगळं कार्ड लावावं लागत नाही. दुकानात त्याने दुसऱ्या डिस्कवरून विंडोज चालवून पाहिलं होतं, स्पीकर छान वाजत होते. त्याने वायरी लावल्या, बटण दाबलं आणि दोघं वाट बघत उभे राहिले.

पंखा फिरायला लागला. डिस्क कुरकुरली. एरिकने मनात मोजलं, एवढ्या वेळात मशीन नाव विचारतं. आवाज आला नाही. त्याने नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला, एंटर दाबलं. आवाज नाही. स्पीकरला कान लावला तर नुसती बारीक घूं होती.

"विंडोजमध्ये वाजत होतं, एरिकभाई," हितेंद्र म्हणाला. "बोर्डात लोचा नाहीये. तुमच्या लिनक्सला तो ओळखता येत नसेल. आणि ती माझी लाइन नाही."

त्याने विंडोज टाकून द्यायची तयारी दाखवली, त्यावरही फुकट बोलणारा प्रोग्राम मिळतो म्हणाला. एरिकला ते माहीत होतं. पण अकरा वर्षं त्याची बोटं याच मशीनच्या वाटा शिकली होती. नवं घर बोटांनी चाचपून पाठ करायला महिना लागतो आणि हातात चार दिवस होते. हितेंद्रने दुकानातली एक जुनी स्क्रीन त्याच्याकडे ठेवली, कुणी दिसणारं असेल तर उपयोगी पडेल म्हणून, आणि यूएसबीवर चालणारा एक हेडफोनही दिला. हा कुठेही चालतो, असं सांगून तो गेला. एरिकने हेडफोन लावला. तोही मुका.

मशीन बोलत नाही म्हणजे काय, हे डोळसाला कळायचं नाही. समोर काहीतरी चालू आहे हे एरिकला फक्त पंख्याच्या घरघरीवरून कळत होतं. तो लिहीत होता ते कुठे जात होतं, चुकत होतं की बरोबर होतं, मशीन त्याला काही विचारत होतं का, काही पत्ता नव्हता. बंद दारासमोर उभं राहून बोलल्यासारखं ते होतं.

त्याचा फोन बोलत होता. फोनवर त्याने त्या बोर्डाचं नाव शोधलं. जगभरातल्या लोकांनी तीच तक्रार केलेली सापडली. एकाने उपाय सांगितला होता, दुसऱ्याने खाली लिहिलं होतं की याने काही झालं नाही, तिसऱ्याने लिहिलं होतं की माझ्याकडे पहिल्यापासून नीट चालतंय. प्रत्येक उपायात एक कमांड द्यायची होती आणि मग स्क्रीनवर काय येतं ते बघायचं होतं. एरिकने फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरून मजकूर वाचून घ्यायचा प्रयत्न केला. फोनने शून्याचा ओ केला, एकचा एल केला आणि अर्ध्या ओळी गिळल्या.

फोनवरच जबानी टाइप करून पाहावी म्हणून तो शुक्रवारी सकाळी बसला. दोन तासांत चार मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. पाच जबान्या मिळून सहा तासांच्या होत्या. त्यातली कांताबाईंची एकटीच दोन तासांची. कांताबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, धक्क्यावरच्या सगळ्यात जुन्या.

तेव्हा तो शेजारच्या दारावर गेला.

शेजारी शेवंतीवहिनी राहायच्या. मालवणकडच्या. महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून सव्वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. एरिक इथे राहायला आल्यापासून त्याच्या दुधाची पिशवी त्याच घेत. एरिकने अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "माका त्यातला काय कळना नाय हां. पण एबीसीडी येता. नववी शिकलंय मी."

दुपारभर त्या स्क्रीनसमोर बसल्या. एरिक टाइप करायचा आणि त्या काय उमटलं ते वाचायच्या, अक्षर अक्षर. इंग्रजी शब्द त्यांना लागत नव्हते, त्यामुळे सगळं सुटं सुटं यायचं. एस, एन, डी, खाली आडवी रेघ, एच, डी, ए. चिन्हांना त्यांनी स्वतःची नावं दिली. दोन उभ्या दोन आडव्या रेघांच्या चिन्हाला त्या जाळी म्हणायच्या. एरिक डोक्यात अक्षरं जोडत होता आणि तोवर त्या पुढे गेलेल्या असायच्या. एक स्क्रीन वाचायला वीस मिनिटं लागत.

वेळ वाचावा म्हणून तो त्यांना थांबवायला लागला. ओळीची सुरुवात सोडा, चौकोनी कंसाच्या पुढचं वाचा. जाळीने सुरू होणाऱ्या ओळी मशीनसाठी नसतात, त्या वाचू नका. एचडीएमआय आलं तर सोडा, ते टीव्हीचं असतं. आवाजाच्या यादीत बोर्डावरच्या चिपचं नाव होतं, ए, एल, सी आणि पुढे तीन आकडे. म्हणजे लिनक्सने चिप ओळखली होती. मग वाजत का नव्हती? त्याने आवाज वाढवला, म्यूट काढलं, स्पीकरची पिन मागच्या प्रत्येक भोकात घालून पाहिली. ब्रायनने आवाजासाठी लिहून ठेवलेली एक छोटी फाइल होती, तीही उघडली. त्यात मशीनसाठीच्या दोनच ओळी होत्या आणि दोन्हींच्या शेवटी शून्य. शून्य म्हणजे आवाजाच्या यादीतलं पहिलं कार्ड. बरोबर होतं. फाइल बंद केली.

संध्याकाळी फोनवर सापडलेल्या एका सल्ल्यावर भरवसा ठेवून त्याने लिनक्सचा गाभाच नवा चढवला. मशीन पुन्हा चालू केलं तर शेवंतीवहिनी म्हणाल्या, स्क्रीन काळी आहे, वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. दहा मिनिटांनी विचारलं तरी तेच. दुपारपर्यंत मशीन निदान नुसतं मुकं होतं, आता ते उठतही नव्हतं आणि हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. बंद करायचं, चालू करायचं, नेमक्या क्षणी एक बटण दाबायचं आणि यादीतून जुना गाभा निवडायचा, एवढं साधायला दोघांना दोन तास लागले. शेवटी स्क्रीनवर आधीसारखा मजकूर आला तेव्हा शेवंतीवहिनी खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी कमरेला हात लावला. एरिकने ते पाहिलं नाही, पण खुर्ची करकरली आणि त्यांच्या तोंडून श्वास सुटला, ते ऐकलं.

शनिवारी सकाळी रुपालीचा फोन आला. ती रागावली नाही, तेच एरिकला जड गेलं. तिने सांगितलं की दोन ठिकाणी विचारून पाहिलं, एका टायपिस्टने कांताबाईंची पहिली पाच मिनिटं ऐकून काम परत केलं. जेवढं होईल तेवढं पाठवा, असं म्हणून तिने फोन ठेवला.

नऊ वाजता शेवंतीवहिनी आल्या. एरिक आधीच बसला होता, त्याची दाढी वाढली होती. त्याने एक लांब कमांड दिली, मशीनने काहीतरी चुकलं म्हणून सांगितलं. पुन्हा दिली. पुन्हा तेच. वहिनींनी आदल्या स्क्रीनवरून वाचलेलं एक नाव त्यात होतं. एरिकने ते त्यांना पुन्हा वाचायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं.

"एल," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "नायतर एक असात. सारखाच दिसता रे."

"सारखं दिसतं?" एरिकचा आवाज एकदम चढला. "दोन दिवस तुम्ही मला चुकीचं वाचून दाखवताय आणि मी वेड्यासारखा टाइप करतोय. एक आणि एल कळत नसेल तर बसलात कशाला इथे?"

वहिनींची खुर्ची सरकली, चपला वाजल्या आणि दार लागलं.

एरिक एकटा उरला. रागाच्या भरात त्याने फोन स्क्रीनपुढे धरला, फोन बरळत राहिला. त्याने कमांड आठवून आठवून दिल्या, अंधारात दगड टाकावे तशा. मशीन घरघरत होतं. त्याने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. बोटांच्या टोकांवर वेताने पडलेले जुने घट्टे अजून हाताला लागत. खुर्च्यांच्या त्या कारखान्याचा मुकादम अजूनही सणावारी फोन करायचा, जागा आहे म्हणायचा. सोमवार गेला की रुपालीची संस्था त्याला पुन्हा काम देणार नाही. कुणीही देणार नाही, आणि का द्यावं? मशीन दुरुस्त करणारा माणूस मेला म्हणून ज्याचं काम बंद पडतं, त्याला कोण काम देईल. ब्रायन इथे बसून खटपट करायचा तेव्हा एरिक त्याला चर्चमधल्या गप्पा सांगायचा. अकरा वर्षांत एकदाही त्याने विचारलं नव्हतं, हे तू कसं करतोस, मला दाखव.

तो टेबलावर डोकं ठेवून रडला. किती वेळ, ते त्यालाही माहीत नाही. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा तो उठला, तोंड धुतलं आणि भिंतीला हात लावत शेजारच्या दाराशी गेला.

दार उघडं होतं. आत सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला नाही. एरिक उंबऱ्यात उभा राहिला.

"वहिनी, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही नसता तर मी शुक्रवारीच संपलो असतो."

सूप वाजत राहिलं. मग खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

"सव्वीस वर्सा शाळेत काढली मी. हेडमास्तरान पण माझ्याशी असा आवाज चढवून बोलूक नाय," त्या म्हणाल्या. "मी येतंय. पण आता माझ्या पद्धतीन. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळा वाचणार. हे सोड, ते सोड, असा मधी बोलायचा नाय. माका वाटेत थांबवलंस की माझी ओळ चुकता."

एरिकने मान हलवली.

साडेबारा वाजता ते दोघं पुन्हा बसले. एरिकने सुरुवातीपासून सुरुवात करायची ठरवली आणि ब्रायनची ती छोटी फाइल उघडली. वहिनींनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. जाळी. मग ई, आर, आय, के. एरिकच्या तोंडावर आलं होतं की जाळीची ओळ सोडा. त्याने ओठ मिटले.

एच, ए. एस, एच, यू, एन, वाय, ए. त्या वाचत गेल्या. एम, एच, ए, एन, जे, ई. मध्येच थांबल्या.

"अरे, ही इंग्रजी नाय," त्या म्हणाल्या. "ही मराठी हा. इंग्रजी अक्षरात मराठी लिवल्यानी."

मग त्यांनी अक्षरं सोडली आणि शब्द वाचायला लागल्या, अडखळत पण एका सुरात. एरिक, हा शून्य म्हणजे बोर्डावरचा आवाज. पुढची ओळ, पुन्हा जाळी. बोर्ड बदललास तर नंबर बदलेल. आणखी एक जाळी. यादी काढ, चिपच्या नावाच्या आधी जो नंबर असेल तो या दोन्ही ठिकाणी टाक. शेवटच्या जाळीपुढे नुसता बी होता.

वहिनींनी विचारलं, कुणी लिहिलंय हे? त्याने सांगितलं, ब्रायनने. त्या ब्रायनला ओळखत होत्या, जिन्यात किती वेळा भेटला होता. जाळीच्या ओळी मशीनसाठी नसतात, माणसासाठी असतात. एरिकने त्याच वगळायला लावल्या होत्या.

"यादी काढ," वहिनी म्हणाल्या.

त्याने यादी काढली आणि त्यांनी ती ओळीच्या पहिल्या अक्षरापासून वाचली. सी, ए, आर, डी, शून्य. पुढे सगळं एचडीएमआय. त्याखाली सी, ए, आर, डी, एक. आणि त्याच ओळीत ए, एल, सी.

आता एरिकला सगळं कळलं. जुन्या बोर्डावर स्पीकरची चिप पहिली होती. हा नवा बोर्ड स्क्रीनच्या वायरीला पहिलं कार्ड मानत होता आणि स्पीकरला दुसरं. तीन दिवस मशीन बोलतच होतं. शून्य नंबरवर, स्क्रीनच्या वायरीत, आणि हितेंद्रच्या त्या जुन्या स्क्रीनला स्पीकरच नव्हते. हेडफोनही त्यामुळेच मुका राहिला होता. फाइल सगळा आवाज शून्याकडे पाठवत होती.

त्याने पहिला शून्य खोडून एक टाकला, मग दुसरा. वहिनींनी दोन्ही आकडे वाचून खात्री केली. हा एकच आहे, एल नाही, असंही त्या म्हणाल्या. एरिकने मशीन बंद करून चालू केलं. पंखा फिरला, डिस्क कुरकुरली. त्याने मोजायला घेतलं आणि मध्येच मोजणं विसरला.

स्पीकरमधून तो सपाट, नाकातला, यंत्राचा आवाज आला आणि त्याने नाव विचारलं.

वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एरिकने नाव टाइप केलं. मशीनने प्रत्येक अक्षर उच्चारलं. त्याने एक चुकीचं दाबलं, मशीनने तेही सांगितलं.

शनिवारचे दीड वाजले होते. आता प्रश्न होता तो काय आधी करायचं याचा. पाचही होणार नव्हत्या, हे उघड होतं. कांताबाईंची दोन तासांची जबानी बाजूला ठेवली तर बाकीच्या चार सोमवारपर्यंत उरकता आल्या असत्या. कांताबाईंची घेतली तर तिच्याखेरीज फार तर दोन. त्याने रुपालीला विचारलं, ती म्हणाली तुम्हीच ठरवा. त्याने वहिनींना विचारलं.

"म्हातारी आधी," त्या म्हणाल्या. "बाकीच्या परत बोलतील. तिचा काय सांगता येता?"

एरिकने कांताबाईंची जबानी लावली. त्या धक्क्यावर पहिल्यांदा आईच्या पाठीवर बसून आल्या तिथपासून सांगत होत्या. कुठली काठी कुठे रोवली, कुठल्या वर्षी बांध फुटला, भरतीचं पाणी कुठवर यायचं. एरिक थांबवत, मागे नेत, उतरवत गेला. रविवारी दुपारी वहिनींनी त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि तो जेवेपर्यंत उभ्या राहिल्या. सोमवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने तीन जबान्या पाठवल्या. रुपालीने लगेच कळवलं, मिळाल्या, वकिलाकडे गेल्या.

दोन राहिल्या.

त्या दोघींना कळवायचं काम रुपाली करणार होती. एरिकने तिच्याकडून नंबर घेतले आणि स्वतः फोन केले. पहिलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढच्या तारखेला चालेल ना? त्याने सांगितलं की रुपाली प्रयत्न करणार आहे. बघू मग, असं ती म्हणाली. दुसरीने त्याचं सगळं बोलणं ऐकलं, बोर्ड जळला, आवाज गेला, वेळ पुरला नाही. मग ती म्हणाली, "मी त्या पोरीसमोर तासभर बोलले. माझ्या नवऱ्याच्या मरणाचं पण सांगितलं. ते कुणी वाचलंच नाही म्हणजे."

तिने फोन ठेवला.

संध्याकाळी हितेंद्र आपली स्क्रीन घ्यायला आला. मशीन बोलताना ऐकून त्याला बरं वाटलं. काय झालं होतं, असं त्याने विचारलं. एरिकने सांगितलं, एक आकडा बदलायचा होता. हितेंद्र हसला, मग एरिक हसत नाही हे पाहून थांबला.

तो गेल्यावर एरिकने मशीनसमोर खुर्ची ओढली. कुणी मागितलेलं नव्हतं, तारीख उलटून गेली होती. त्याने त्या दुसऱ्या बाईचं रेकॉर्डिंग लावलं. तिने आधी खोकून घेतलं, मग आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. एरिक टाइप करायला लागला आणि प्रत्येक अक्षराला मशीन त्याच्यामागून बोलत राहिलं.